तीनचाकी आणि प्रमुख पाहुणे

हर्षाच्या स्टुडिओत एक तीनचाकी सायकल सव्वा महिन्यापासून उभी होती. हाताने पायडल मारायची, अपंगांसाठीची, कोरी करकरीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. खोली मुळातच एवढीशी. एक माइक, एक कम्प्युटर, दोन खुर्च्या आणि आता हे धूड. माइकपाशी बसायचं तर चाकावरून पाय टाकून पलीकडे जावं लागे, आणि रोज एकदा तरी ओढणी अडकेच. जळो मेली ही सायकल, असं हर्षाच्या तोंडून निघून जाई आणि तिची तिलाच लाज वाटे. सायकलीचा काय गुन्हा? ती तर द्यायलाच आली होती. देऊ देतंय कोण!

'रेडिओ बांधावर' हे रोहण्याचं गावठी स्टेशन, आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावांत ऐकू जाणारं. त्यावर हर्षा रोज सकाळी 'हातभार' हा कार्यक्रम करते. ज्याला नड आहे त्याने येऊन सांगावं, ज्याला जमेल त्याने फोन करावा. शिलाई मशीन, म्हातारीच्या कानाचं यंत्र, पोरांची दप्तरं, असं कायकाय त्यातून मिळालं होतं. देणारे कमी नाहीत हो. पण देणाऱ्यांचा थाट सांभाळता सांभाळता बाईच्या नाकी नऊ यायचे.

दीड महिन्यापूर्वी पुनाजी तिच्या माइकसमोर बसला होता. गावाबाहेरच्या टोलीवरचा हा गोंड माणूस शिंदीच्या पानांचे फडे बांधून बाजारात विकायचा. असा फडा की एकदा अंगण झाडलं की पुन्हा झाडायला नको. दोन वर्षांपूर्वी मोहाच्या झाडावरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून फडे तो घरी बांधतो, विकायला बायको जाते, रुखमा.

"पोटाचं भागते, ताई," तो म्हणाला होता, "पन दोन सालापासून मी भिंतच पाहून राह्यलो. मले बजारात बसाचं हाय. मानसाइत."

एवढंच. हर्षाला पुढचं गाणं लावायचं भान राहिलं नाही. पंधरा मिनिटांत आर्वीहून भूपेंद्रशेठचा फोन. भांड्यांचा मोठा व्यापारी, मनाने वाईट नाही.

"ताई, सायकल आपल्याकडून. पक्की! फक्त एक छोटासा कार्यक्रम घेऊन टाकू."

छोटासा म्हणे! पहिली तारीख ठरली तर प्रमुख पाहुणे ऐनवेळी नागपूरला लग्नाला गेले. दुसऱ्या तारखेला पाहुणे मिळाले, पण बॅनरवर शेठच्या वडिलांचा फोटो टाकायचा राहिला, म्हणून शेठनेच कार्यक्रम रद्द केला. दोन्ही वेळा रुखमाने नवऱ्याला आंघोळ घातली, पांढरा सदरा चढवला, शेजाऱ्याच्या बैलबंडीत गाद्या टाकून आणलं आणि तसंच परत नेलं. दोन्ही वेळा हर्षा म्हणाली, "काका, पुढच्या खेपेला नक्की."

मग तिनेच का नाही देऊन टाकली? कारण याच भूपेंद्रशेठने आश्रमशाळेच्या शंभर पोरांना स्वेटर द्यायचं कबूल केलं होतं. शेठ रुसला की स्वेटर गेले. हर्षा मनातल्या मनात हे तोलत राहायची आणि स्वतःवरच चिडायची.

आज तिसरी तारीख. वेळ दहाची. आणि आजच रोहण्याचा बाजार. अंगणात मंडप, 'भव्य लोकार्पण सोहळा' असा बॅनर, त्यावर शेठ, शेठचे वडील, पाहुणे आणि पाहुण्यांचे चार कार्यकर्ते. पुनाजीचा फोटो कुठेच नाही. सायकल मंडपात आणून ठेवली होती, लाल फितीसकट. शेजारी बंडीत पुनाजी, त्याच्या पायाशी चाळीस फड्यांचा भारा.

अकरा वाजले. साडेअकरा. बारा.

"ताई," रुखमा हळूच म्हणाली, "बजार भरून राह्यला. निंबाखालची जागा जाईन ना आमची. मंग उन्हात कोन येते फडा घ्याले?"

हर्षाने शेठला फोन लावला. "भाऊ, अजून किती वेळ? मानूस सकाळपासून बसून हाय!"

"निघालोच, ताई! साहेब जेवाले बसले, बस, वीस मिनिट. अन् हो, पुनाजीले उन्हात बसवून ठेवजा. सावलीत फोटो काळा येते."

हर्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उन्हात बसवून ठेवजा! तिने बंडीकडे पाहिलं. पुनाजीच्या सदऱ्याची बाही घामाने अंगाला चिकटली होती आणि तो बाजाराच्या वाटेकडे बघत होता. हे आपणच केलं, तिच्या मनात आलं. आपणच याला तीनदा नटवून आणलं.

तिने फीत ओढून तोडली. प्लास्टिक दातांनी फाडलं. बंडीवाल्याने आणि रुखमाने पुनाजीला उचलून सीटवर बसवलं, भारा मागे बांधला. दोन-तीन पायडल उलटे पडले, मग चाक फिरलं. पुनाजीने मागे वळूनही पाहिलं नाही. हर्षाला त्याचं इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

मग ती आत गेली आणि माइक सुरू केला.

"ऐका मंडळी. आर्वीच्या भूपेंद्रशेठनी दिलेली सायकल पुनाजीकाकांना मिळाली. शेठचं नाव घेतलं. त्यांच्या वडिलांचंही घेते, कैलासवासी हरिदासजी. कार्यक्रम संपला. टाळ्या घरी बसून वाजवा."

सव्वा वाजता दोन गाड्या आल्या. भूपेंद्रशेठ मंडपात धावतच शिरला. "ताई, हे काय केलं? पाहुणे आले अन् मानूसच नाई! मी फोटो कोनाचा काढू, या खुर्च्याइचा?"

"बजारात हाय ते."

"मंग बोलवा ना वापस!"

"मी नाई बोलवत. तुमाले पाह्यजे तं तुमीच चाला." गेले स्वेटर, तिने मनाशी म्हटलं.

शेठ लालबुंद झाला, पण पाहुण्यांसमोर करतो काय? निघाली वरात. पुढे हर्षा, मागे हार घेतलेला शेठ, कडक इस्त्रीतले पाहुणे, फोटोग्राफर, कार्यकर्ते. मिरच्यांचे ढीग आणि वांग्यांच्या पाट्या ओलांडत, लोकांचे धक्के खात सगळे निंबापर्यंत पोहोचले.

सायकलीवर पुनाजी बसला होता. भोवती सात-आठ बाया. कोणी फडा हातात घेऊन झटकून बघतेय, कोणी विचारतेय, "दोन साल कोठी होता बापा तू?" पुनाजी एकीला उत्तर देत होता, दुसरीला हसत होता, तिसरीला फड्याची गाठ दाखवत होता. रुखमा मागे नुसती बसून होती, हातावर हात ठेवून.

पाहुणे नेमके समोर जाऊन उभे राहिले. हसू आणलं, हार उचलला. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. "इकडे पाहा," तो म्हणाला.

पुनाजीने पाहुण्यांकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, जिथे एक म्हातारी टाचा उंचावून फडे बघायची खटपट करत होती.

"साहेब," तो अगदी नम्रपणे म्हणाला, "जराशे बाजूले व्हा. गिऱ्हाइकाले दिसून नाई राह्यलं."

आणि हार तसाच हातात धरून साहेब बाजूला झाले.