हिल्काच्या पन्नास उड्या

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हिल्का राहते आणि तिच्या बरोब्बर खाली ताइस्तो. ती चौऱ्याहत्तरची, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली; तो अठ्ठ्याहत्तरचा, रेल्वेचा इंजिनचालक होता. वीस वर्षांत दोघांचं बोलणं ‘आज बर्फ किती पडला’च्या पुढे कधी गेलं नव्हतं.

गेल्या वर्षी हिल्काची हाडं तपासली, तर ती विरळ व्हायला लागलेली निघाली. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं, नुसतं चालून भागायचं नाही, हाडांना थोडा दणका बसायला हवा. आधी खुर्ची धरून टाचा आपटा, मग छोट्या उड्या, जोडीला वजनं. हिल्का सांगितलेलं टाळणाऱ्यातली नाही. दोन महिन्यांत ती उड्यांवर आली. रोज सकाळी आठला पन्नास.

खाली ताइस्तोच्या कॉफीत लाटा उठायला लागल्या. चार दिवस कळ काढून तो वर गेला. मी तेव्हा सतरंजी झटकायला जिना उतरत होते.

"बाई, घरात काय पाळलंय तुम्ही?"

"हाडं," हिल्का म्हणाली.

ताइस्तोने समजावलं, की या वयात शांत बसावं, नाहीतर काहीतरी मोडून बसाल. त्याचं स्वतःचं मनगट मागच्या हिवाळ्यात कचऱ्याच्या डब्यांपाशी घसरून मोडलं होतं. हिल्काने तो विषय आठवणीने काढला. मग म्हणाली, "एक उडी मारून दाखवा. उद्यापासून बंद करते."

ताइस्तोने चौकट धरली, गुडघे वाकवले, दात आवळले. सगळा माणूस वर गेला, टाचा तेवढ्या जमिनीवर राहिल्या. दुसऱ्या खेपेलाही तेच. मी सतरंजीकडे बघत राहिले.

आठवड्याने त्याने तोडगा काढला. युद्धबिद्ध झालं तर लपायला बांधलेल्या, एरवी सगळ्यांच्या सायकली ठेवायच्या तळघरातल्या निवाऱ्यात उड्या माराव्यात, तिथे खाली कोणीच राहत नाही. स्वतः देखरेखीला येईन म्हणाला. देखरेख करता करता आधी टाचा आपटायला लागला, मग स्वतःचीही हाडं तपासून घेऊन त्या मुलीकडे रीतसर शिकून आला. बघून बघून शेजारीही उतरले आणि वसंतापर्यंत सायकली आणि स्कींच्या मधोमध आम्ही सातजण धपाधप नाचत होतो.

वर्षाने दोघांनी हाडं पुन्हा तपासून घेतली. हिल्काची होती तिथेच. या वयात घसरण थांबली हीच कमाई, असं डॉक्टर म्हणाले. ताइस्तोच्या कंबरेच्या हाडाची घनता मात्र एक टक्क्याने वाढली होती. तो जिना शीळ घालत चढला.

हिल्काच्या मते मशीन बिघडलं होतं. दोन दिवस ती तळघरात फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी उतरली ती पाठीवर पिशवी बांधून. आत भाकरीचं राय धान्याचं पीठ, दोन किलो. त्या मुलीला विचारून आले, म्हणाली.

"आजपासून साठ."

"लगेच?" असं विचारून ताइस्तो बाकावर बसला आणि बुटाची नाडी बांधायला लागला. इतका वेळ लावून नाडी बांधणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.