एकोणिसाव्या पानावरचा चार

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. खरे तर आता वही उरले नाही. माझी शिवण उसवली गेली, पाने सुटी झाली. म्हणून माझी गोष्टही सुट्या पानांसारखी तुटक येईल. सांभाळून घ्या.

पान पहिले

१९६७ साली भाईंदरच्या बाजारात मला शिवले. लाल कापडी पुठ्ठा, दोनशे पाने. तिथून मी उत्तनला आले, कोळ्यांच्या मंडळाच्या खोलीत.

माझे काम एकच. प्रत्येक होडीला एक ओळ आणि ओळीत एक आकडा: किती माणसे समुद्रावर गेली. होडी परतली की माणसे मोजायची, आकडा जुळला की शाईची खूण. तोवर आकडा पेन्सिलीने, कारण निघता निघता माणसे बदलत. कुणी तापाने मागे राही, कुणी ऐनवेळी उडी मारून चढे.

किनारा लांब. एका टोकाला मंडळाचे कारकून धर्माजी लक्ष ठेवत, दुसऱ्या टोकाला गोदूबाई. त्या मासळी सुकवत आणि चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. दोघेही माझ्यात लिहीत. लोक म्हणत, वहीत हाय ना, मग झालं. ते ऐकून मी फुगत असे.

(पुढची तीन पाने उंदरांनी नेली. त्यांत माझे कौतुकच होते.)

पान एकोणिसावे

१९६९, नवरात्राच्या आधीचा आठवडा. शिवदास तांडेलाच्या होडीपुढे आदल्या संध्याकाळी लिहिलेला चार होता. सकाळी धर्माजींनी तो चिठ्ठीवर उतरवला आणि ते आपल्या टोकाला गेले. तिथे कळले, चौघांतला एकजण तापाने पडून आहे. त्यांनी चिठ्ठीवर चाराचे तीन केले.

त्याच वेळी दुसऱ्या टोकाला राघो नावाचा खलाशी त्याच होडीत चढला. गोदूबाई खोलीत आल्या, माझ्यातला चार पुसून पाच लिहिला, आणि सुकट घेऊन बाजाराला गेल्या. रात्री त्या पेणकरपाड्याला लेकीकडे राहणार होत्या.

मग धर्माजी आले. नजर चिठ्ठीवर. माझ्यात काय आहे ते न वाचताच त्यांनी रबर फिरवला आणि तीन लिहिले.

होडीत माणसे चार होती. तीन नव्हती, पाचही नव्हती.

हे फक्त मला ठाऊक होते. वहीला तोंड नसते, असे मी स्वतःला सांगत आले आहे. ते पुरत नाही.

दुपारी वादळ झाले. होडी फुटली. एकाला दुसऱ्या होडीने बेशुद्ध स्थितीत आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीपलीकडून निरोप आला की शिवदासच्या होडीतले दोघे तिकडे सुखरूप आहेत. दोन आणि एक, तीन. शोधायला निघालेली होडी धर्माजींनी थांबवली.

राघोची बायको शेवंती दारात उभी होती. राघो गेलाच नसेल, कुणा पाहुण्याकडे असेल, अशी धर्माजींनी तिची समजूत घातली. मला उघडून तिच्यापुढे धरले. तिला वाचता येत नव्हते.

"शेवंती, वहीत तीनच हायत."

"मी त्याला भाकर बांधून दिली, धर्माजी. ती काय तुमच्या वहीनं खाल्ली?"

तरी होडी सुटली नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणून.

(इथे एक ओळ होती: चूक धर्माजींची. ती मी खोडली आहे.)

दुपारी गोदूबाई परतल्या. त्यांनी मला उन्हात तिरके धरले. तीनच्या खाली त्यांच्या पाचाचा वळ दिसत होता.

"माझा पाच कुनी पुसला?"

धर्माजींनी खिशातली चिठ्ठी काढली, पाहिली, आणि थांबवलेली होडी सोडायला ते किनाऱ्याकडे धावले.

राघो दिवस मावळताना सापडला. समुद्रात जाळी बांधायला रोवलेल्या खुंटाला त्याने मिठी मारली होती, एक रात्र आणि एक दिवस. खुंटाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी हात चिरून गेले होते. उजव्या हाताची तीन बोटे कापावी लागली. डॉक्टर म्हणाले, सकाळी आणला असता तर वाचली असती.

सुटे पान

नंतर नियम झाला. चिठ्ठी बंद, आणि पेन्सिल एकच. ज्याच्या हाती पेन्सिल, त्यानेच लिहायचे. आकडे चुकेनासे झाले, पण एकदा धर्माजी पेन्सिल कानावर ठेवून चहाला गेले. अकरा होड्या खोळंबल्या आणि ओहोटी लागली.

शेवंती त्यांना म्हणाली, "कानावर पेन्सिल न्हाय, अकरा होड्या घेऊन फिरताय तुम्ही." मग बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांडीकडे तिने बोट दाखवले. "एक बोंबील काढायला कुनी आख्खी वलांडी उतरवतं काय?"

तिनेच सुरीने माझी शिवण उसवली. दुखले. बरेही वाटले.

तेव्हापासून एका होडीला एक पान, एका पानाला एक खिळा. पान काढायचे, आधी वाचायचे, उभ्या उभ्या लिहायचे, लगेच परत टांगायचे. रबर नाही, चुकले तर रेघ मारायची. खिळा रिकामा दिसला तर त्या होडीपुरते थांबायचे. बाकी होड्यांचे काम चालू. दोरी धरता येईना म्हणून राघो त्या खिळ्यांपाशी बसू लागला. पान घेऊन कुणी उंबरठ्याकडे वळले, की तो नुसता खाकरे.

शेवटचे पान

१९७६ साली मी भरले. पाने गोणीत घालताना राघोने जुने एकोणिसावे मागून घेतले. उरलेल्या दोन बोटांत पेन धरून त्याने तीनवर रेघ मारली आणि शेजारी वेडावाकडा चार काढला. म्हातारे धर्माजी बघत होते.

"आता बरोबर हाय?" शेवंतीने विचारले.

"हाय."

तो चार शाईचा आहे. सात वर्षे उशिरा आलेला. त्याच्या शेजारी पाचाचा वळ अजून माझ्या अंगावर आहे, आणि ऊन तिरके पडले की मलाच टोचतो.

मित्रांनो, जे अनेकांचे आहे त्यात लिहायची पाळी तुमच्यावरही येईल. तेव्हा हातातल्या चिठ्ठीवर विसंबू नका. ते पान घ्या, लिहा, आणि लगेच दुसऱ्यासाठी मोकळे करा. आणि काहीही खोडण्याआधी ते एकदा वाचा. कुणीतरी नुकताच होडीत चढलेला असतो.