बावीस नंबरची स्लाइड

वरदाने एकवीस नंबरची स्लाइड स्कॅनरमधून काढली, पुढच्या स्लाइडसाठी न बघताच हात पुढे केला आणि बाबांनी तिच्या हातात तेवीस नंबरची ठेवली.

"बावीस कुठे गेली, बाबा?"

"नसेलच. खण रिकामा होता," शशिधर म्हणाले आणि रबरी फुग्याने चोवीस नंबरवरची धूळ उडवू लागले.

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या त्या घरात दर शनिवारी सकाळी हेच चालायचं. बाबांनी स्लाइड उजेडात धरून बघायची, धूळ उडवायची आणि वरदाने ती कॉम्प्युटरवर चढवायची. आणि जुन्या फोटोंच्या या स्लाइड्स तरी कुणाच्या? ना ओळखीच्या, ना पाळखीच्या. लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या कार बूट सेलमधून, चॅरिटी शॉपमधून उचलून आणलेल्या. कुणाचं लग्न, कुणाचा कुत्रा, कुणाची पावसात वाया गेलेली सहल. मराठी मंडळातल्या बायका हसायच्या, "लोकांची अडगळ कशाला गं गोळा करतेस?" वरदाही हसून सोडून द्यायची.

खरं कारण घरातच राहिलं होतं. तिची आई, वैजयंती, इथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर होती. वरदा चार वर्षांची असताना, सत्त्याहत्तर साली, ती वारली आणि दुःखाच्या भरात बाबांनी तिचा एकूण एक फोटो जाळून टाकला. वरदाची पन्नाशी उलटली, तरी आपल्या आईचा चेहरा कसा होता ते तिला ठाऊक नव्हतं! पण आई रस्त्याने चालली असेल, बागेत बसली असेल, कुणा परक्याच्या फोटोत कोपऱ्यात तरी आली असेल. तेवढ्या आशेवर आठ वर्षं हा उद्योग चालला होता. आजचा स्लाइड्सचा डबा समुद्रकाठच्या स्केगनेस गावातल्या एका निवृत्त नर्सच्या घरातला होता.

"उद्या नवमी," बाबा उठत म्हणाले. "वड्यांची डाळ भिजत घालायची राहिली."

पितृपक्षातली अविधवा नवमी त्यांनी आजवर एकदाही चुकवली नव्हती. सवाष्ण म्हणून शेजारच्या सुलक्षणाकाकूंना जेवायला बोलवायचं आणि आईच्या नावाचं पान वेगळं मांडायचं. स्वयंपाक सगळा बाबाच करायचे. जन्मभर सर्जन होते ते. डाळ धुवायची असली तरी ऑपरेशनला निघाल्यासारखे कोपरापर्यंत हात धुवायचे. आजही त्यांनी सवयीने स्वेटर काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि किचनमध्ये गेले.

स्वेटरच्या खिशातून पुठ्ठ्याचा एक पांढरा कोपरा डोकावत होता.

वरदाने तो ओढून काढला. बावीस नंबर. तिने स्लाइड खिडकीशी धरली. समुद्रकाठच्या बाकावर साडीवर कोट घातलेली एक बाई बसली होती. हातात चिप्सचा पुडा, केस वाऱ्याने उडालेले, कॅमेऱ्याकडे बघून खळखळून हसत होती. आणि ते नाक! रोज सकाळी आरशात दिसणारं वरदाचं स्वतःचं नाक.

"आई," ती म्हणाली. हा शब्द कुणाकडे तरी बघून म्हणायची तिच्या आठवणीतली ही पहिलीच वेळ. तिला रडू फुटलं, हसूही आलं, काय करावं ते कळेना.

मग हाताच्या सवयीने तिने चौकट उलटी केली. फिल्म धुतल्याचा महिना आणि साल तिथे छापलेलं असतं. प्रत्येक स्लाइडचं ती टिपून ठेवायची. ऑगस्ट शहाऐंशी.

तिने पुन्हा उजेडात धरून पाहिलं. बाईच्या कानशिलाजवळचे केस पांढरे झाले होते. आई गेली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती.

बाबा हात पुसत दारात येऊन थांबले. आधी स्वेटरकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे.

"ही एटी-सिक्सची आहे, बाबा."

"फिल्म कॅमेऱ्यात पडून राहते कधीकधी. तूच सांगतेस ना लोकांना."

"नऊ वर्षं?"

बाबा खुर्चीत बसले. बराच वेळ टॉवेलची घडी घालत राहिले.

"ती घर सोडून गेली. मला इथे कुणाला तोंड दाखवायची सोय राहिली नसती. तुला सांगितलं, आई वारली. सगळ्यांना तेच सांगितलं. मग एकदा सांगितल्यावर पान मांडावंच लागलं."

"तिने माझ्याबद्दल विचारलं नाही कधी?"

"पत्रं यायची. तुझ्या वाढदिवसाला. मी परत पाठवायचो."

स्केगनेस! मोटारीने अडीच तास.

"आता कुठे आहे ती?"

"दोन हजार अकराच्या डिसेंबरात कळवलं तिच्या मैत्रिणीने."

तो डिसेंबर वरदाला आठवला. भर दुपारी बाबा अंगावरच्या कपड्यांनिशी थंड पाण्याने न्हाऊन, निथळत जिन्यावर उभे होते. दिवसभर जेवले नाहीत. बाबांचं वय झालं म्हणून तिने त्यांना टॉवेलात गुंडाळलं होतं, मायेने रागावली होती. सुतकाचं स्नान होतं ते. आई त्या दिवशी गेली होती आणि वरदा बाबांसाठी सूप गरम करत होती.

"तू मला टाकून जाशील अशी भीती वाटायची गं," बाबा म्हणाले. "मोठी झालीस तरी वाटायची."

वरदाने डोळे पुसले.

"उद्या आईचं पान मी मांडते," ती म्हणाली. "तुम्ही नाही. थर्टी-फोर इयर्स तुम्ही जिवंत माणसाचं श्राद्ध घातलंत, बाबा."

बाबांनी रबरी फुगा उचलला आणि दुसरा हात पुढे केला.

"धूळ आहे तिच्यावर. दे इकडे."

वरदाने स्लाइड दिली नाही. होती तशीच, धुळीसकट, तिने ती स्कॅनरमध्ये सरकवली.