पुढचं दार

एल्डननं बंदूक उघडून दोन्ही काडतुसं खिशात टाकली, बंदूक मित्राच्या, मायलोच्या हातात दिली आणि तारेच्या कुंपणाशी येऊन थांबला. मारलेला कोंबडा, रानटी फेझंटचा, पलीकडे पडला होता, चाळीसएक पावलांवर, कापलेल्या मक्याच्या खुंटांत. उडाला होता रस्त्याकडेच्या चरातून, म्हणजे सरकारी जागेतून. पडला मात्र दुसऱ्याच्या रानात.

"बंदूक न घेता गेलास तर आपला पडलेला पक्षी कुणाच्याही रानातून उचलून आणता येतो," मायलो म्हणाला. "कायदाच आहे. सत्तरीला आलास, आता तुला मी शिकवू?"

"माहीत आहे मला."

"मग काय शिट्टी मारून बोलावतोयस त्याला?"

ज्या खांबावर एल्डनचा हात टेकला होता तो खांब त्यानंच रोवलेला. खांबावरची 'शिकारीआधी विचारा' ही पाटीसुद्धा त्यानंच रंगवलेली. तीन वर्षांपूर्वी रान विकलं तेव्हा घर, कोठार, खांब आणि पाटी, सगळं बरोबरच गेलं. गुडघे दुखायला लागले होते, दोन्ही मुली लांब शहरांत, आणि बायको आर्डिस म्हणाली, आता पुरे. ती गावातल्या छोट्या घरात खूश होती. आठवड्यातून चार दुपारी पत्ते कुटायची. एल्डनही तसा खूशच होता म्हणा. फक्त ऑक्टोबर उजाडला, फेझंटचा हंगाम सुरू झाला, की त्याचं काहीतरी बिनसायचं.

चाळीस वर्षं तो स्वतःच्या रानात शिकार करत आला होता. आता तीन हंगाम सरकारी रानात हिंडत होता, कुठल्याही शहरी माणसासारखा. पहिल्या दिवशी तिथं परराज्यांतल्या गाड्यांची रांग लागते. नारिंगी टोप्यांची माणसं ओळीनं गवत तुडवत निघतात, लांबून बघितलं तर भोपळ्यांचा मळाच चालत निघालाय असं वाटतं. आठवडाभरात कोंबडे असे हुशार होतात की गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला की उडायचंसुद्धा कष्ट घेत नाहीत. मान खाली घालून पळत सुटतात, रस्ता ओलांडून एल्डनच्या जुन्या रानात शिरतात आणि तिथून ओरडत बसतात.

"त्यांना पाटी वाचता येते," मायलो म्हणायचा. "तुलाच येत नाही."

टिली केव्हाच तारेखालून पलीकडे गेली होती. काळी कुत्री, सहा वर्षांची, तिला खरेदी-विक्री कुणी समजावली नव्हती. एल्डननं वरची तार उचलली, खालची बुटानं दाबली, पोट आत ओढून घेतलं आणि तो पलीकडे निघाला.

टिलीनं पक्षी आणून त्याच्या हातात दिला. एल्डननं वर बघितलं, आणि बघतच राहिला.

उत्तरेच्या कडेला रानप्लमची जाळी होती. मुरंब्यासाठी म्हणून आर्डिसनं लग्नानंतरच्या वर्षी लावलेली. नवा मालक आला की पहिल्यांदा अशीच झुडपं उपटतो, तेवढ्यात चार ओळी मका जास्त बसतो. एल्डननं मनातल्या मनात ती जाळी कधीच उपटून टाकली होती. म्हणून तर तीन वर्षं त्यानं इकडे मान वळवली नव्हती. पण जाळी जागच्या जागी होती, उलट अजून दाट झाली होती. आणि तिच्या कडेनं मक्याच्या चार ओळी कणसांसकट तशाच उभ्या ठेवलेल्या. चिखलात पाखरांच्या पावलांचे ठसेच ठसे. आत कुठंतरी एक कोंबडा ओरडला आणि गप्प झाला.

कायदा म्हणतो, पक्षी उचला आणि परत फिरा. एल्डन परत फिरला. एक पाऊलही जास्त टाकलं नाही, पण वेळ बराच लावला.

"उभा मका ठेवलाय नव्या मालकिणीनं," कुंपणापाशी येऊन तो म्हणाला. "पाखरांसाठी."

"मग जा आणि विचार. पाटीवर तेच लिहिलंय."

"माझ्याच रानात मी विचारू?"

"तुझं नाही ते," मायलो म्हणाला, आणि बंदूक त्याच्या हातात देऊन पिकअपकडे निघाला. "म्हणून तर विचारायचं, लेका."

एल्डनला विचारणारी माणसं चांगली ठाऊक होती. दर हंगामात वीस-पंचवीस जण दाराशी यायचे. आणि त्यांना पारखायची त्याची एक रीत होती. इकडे घराचं पुढचं दार कुणी वापरत नाही. घरची माणसं, शेजारी, टपालवाला, सगळे मागच्या स्वयंपाकघराच्या दारानं येतात. पुढच्या दाराशी उभा राहतो तो विमा विकणारा, नाहीतर धर्मप्रचारक, नाहीतर शहरी माणूस. मागच्या दाराशी जो आला, त्याला एल्डन म्हणायचा, जा, पण वासरांच्या बाजूला गोळी नको. जो पुढच्या दाराशी आला, त्याला म्हणायचा, माफ करा, आज गर्दी झालीय. ज्याला कुठलं दार ठोठवायचं ते कळत नाही, त्याला कुंपणाचं फाटक लावायचंही कळणार नाही, असं त्याचं म्हणणं. आर्डिसला ते पटायचं नाही. पण ती दाराशी जायचीच नाही.

रस्त्याच्या कडेला पिकअपच्या फळीवर त्यानं कोंबडा साफ केला. एक पाय तसाच ठेवला, टाचेवरच्या नखीसकट, ती फक्त नराला असते. मादी मारायला बंदी, तेव्हा ती मारलेली नाही हे कुणी विचारलं तर दाखवता यावं म्हणून. मग मायलोनं गाडी एल्डनच्या जुन्या घराच्या अंगणात नेली.

एल्डन उतरला आणि अंगणाच्या मधोमध थांबला. पाय आपसूक मागच्या दाराकडे वळले होते. त्यानं ते थांबवले. मागचं दार घरच्यांचं, ओळखीच्यांचं. ह्या बाईशी त्याची ओळख म्हणजे वकिलाच्या ऑफिसात केलेल्या सह्या. तिचं नाव जॅना, एवढंच त्याला माहीत.

तो घराला वळसा घालून पुढच्या दाराशी गेला. तिथल्या तीन पायऱ्या त्यानंच बांधल्या होत्या, आणि बांधल्यापासून त्या झिजायचं काही कारणच पडलं नव्हतं. त्यानं टोपी काढली आणि दार ठोठावलं.

आतून भिंतीआडून यावा तसा आवाज आला. "कोण आहे? दार उघडत नाही ते. त्याला फ्रीझर लावलाय. मागून या."

गाडीत मायलो स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. एल्डननं तिकडे बघितलं नाही.

मागच्या दारात जॅना उभी होती. चाळिशीची, पायात नुसते मोजे, हातात वासरांच्या पाण्याच्या टाकीचा बिघडलेला फ्लोट. "तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही पुढून कसे काय?"

"मला वाटलं, तेच बरं."

त्यानं पिशवी पुढे केली. "हा तुमच्या बाजूला पडला. तेव्हा तुमचाच."

तिनं पिशवी उघडून पाहिली, पाय हातात धरला आणि नखीवरून अंगठा फिरवला. "दोन वर्षांचा आहे," ती म्हणाली. "आमचे वडील असंच वय बघतात. आत या, बसा ना."

"बसत नाही. विचारायला आलोय." आत येऊन त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं. "त्या प्लमच्या जाळीत एकदा जायचं होतं. तुमची हरकत नसली तर."

चाळीस वर्षं त्यानं हे वाक्य दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. ते एवढं लांबलचक असतं हे त्याला माहीत नव्हतं.

जॅनानं फ्लोट टेबलावर ठेवला. "तीन वर्षं वाट बघतेय मी, तुम्ही कधी येताय म्हणून. पाटीही काढली नाही." मग म्हणाली, "आमचे वडील एकदा इथं आले होते. मी आठ वर्षांची होते, गाडीत बसले होते. रोमन कूचेरा त्यांचं नाव. यँक्टन शहरात कारखान्यात होते. चांगला इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या दाराशी गेले."

एल्डनच्या हातातली टोपी फिरायची थांबली.

"तुम्ही म्हणालात, आज गर्दी झालीय. अंगणात तर एकसुद्धा गाडी नव्हती." ती हे रागानं बोलत नव्हती. "परत येऊन बाबा म्हणाले, मी बहुतेक चुकीचं दार ठोठावलं. आणि हसले."

"मला आठवत नाही," एल्डन म्हणाला. खरं तेच सांगितलं. "पण म्हणालो असेन."

"म्हणालातच."

स्टोव्हवर किटली वाजायला लागली. तिनं ती उतरवली, न विचारता दोन कप भरले, आणि एल्डन बसला. खुर्ची नवी होती, पण खिडकीशी होती, त्याच्याच जागेवर.

"रविवारी या," जॅना म्हणाली. "बाबा येणार आहेत. एकोणऐंशी आता त्यांना. फार चालवत नाही, पण नेम पक्का आहे. जाळीच्या टोकाला बसवलं की काम भागेल. फक्त दुसऱ्या टोकाकडून पाखरं हाकत आणायला माणूस हवा. मी गेले होते मागच्या वर्षी. सगळी मधूनच निसटली."

"मधे एक घळ आहे. तिथून निघतात ती. तिथं आधी कुत्रं घालावं लागतं."

"म्हणूनच सांगतेय."

रविवारी दहाला हवा थंड आणि स्वच्छ होती. जाळीच्या पूर्वेच्या टोकाला उलटी बादली ठेवली होती. रोमन कूचेरा तिच्यावर बसला होता, मांडीवर जुनी बंदूक, कॉलरला इस्त्री. एल्डननं हात पुढे केला, रोमननं तो धरला. दोघंही नाव सांगायच्या भानगडीत पडले नाहीत.

पश्चिमेच्या टोकाला जाताना मायलोच्या लक्षात आलं. "तुझी बंदूक?"

"गाडीत. गुडघा दुखतोय, काठी लागेल म्हणून राहू दिली."

"गुडघा? काल रात्री आर्डिसबरोबर पोल्का नाचताना बरा होता की."

"हाक, हाक. तोंड बंद कर आणि पाखरं हाक."

जाळीत शिरल्यावर एल्डनला काठीची गरज पडली नाही. कुठं वाकायचं, कुठं काटे आहेत, कुठं जमीन भुसभुशीत आहे, सगळं पायांना पाठ होतं. घळीत त्यानं टिलीला आधी सोडलं. पुढं गवत हलत गेलं, एकाच रेषेत, पूर्वेकडे. दोन माद्या उडाल्या.

"मादी! मादी!" एल्डन ओरडला. पूर्वेला शांत.

मग अगदी शेवटच्या झुडपातून तो उठला. पंखांचा फडफडाट, मानेला पांढरा पट्टा, मागं लांबलचक शेपूट, उन्हात सगळं अंग तांब्यासारखं. एल्डनचे हात सवयीनं खांद्यापर्यंत आले आणि रिकामेच थांबले.

"कोंबडा!" तो ओरडला.

एकच बार वाजला. पक्षी हवेतच मिटला आणि मक्याच्या ओळीत पडला.

टिली धावली, पक्षी तोंडात धरून परत आली आणि नेहमीसारखी एल्डनसमोर येऊन बसली. एल्डननं दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि पाठ फिरवली. ती पुन्हा समोर आली. त्यानं पुन्हा पाठ फिरवली. कुत्री क्षणभर गोंधळली. मग तिनं आजूबाजूला बघितलं आणि बादलीवरच्या माणसाकडे निघाली.

रोमननं पक्षी हातात घेतला, नखी बघितली, आणि बराच वेळ तो रिकाम्या रानाकडे बघत राहिला.

"इथं फार गर्दी असते म्हणून ऐकलं होतं," तो म्हणाला.

एल्डननं टोपीला अडकलेली एक वाळकी काडी काढून टाकली.

"असायची," तो म्हणाला.