दोन इंच वर गेलेला एक्सल

मित्रांनो, मी एका जुन्या जीपचा मागचा एक्सल आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. तसं मला डोकं नाहीच. एक जाड लोखंडी नळी, दोन टोकांना दोन चाकं आणि मध्ये हंड्यासारखं गोल पोट, एवढाच माझा अवतार. पोटात तेलात बुडालेले दाते फिरतात, म्हणून चाकं फिरतात. दसऱ्याला बॉनेटला हळदकुंकू लागतं, टायरखाली लिंबू ठेवतात. मला आजवर कुणी झेंडूचं एक फूल वाहिलेलं नाही. जाऊ द्या.

कारखान्यातून निघालो तेव्हा काळा, तुकतुकीत होतो. पहिली काही वर्षं धरणाच्या कामावर साहेबांना नेलं-आणलं. मग लिलावात अंबाडीजवळच्या गावातल्या केसरीनाथने जीप घेतली. तो वारल्यावर ती त्याच्या मुलाकडे, हिरामणकडे आली. पण माझ्या लेखी ती गाडी कायम केसरीनाथच्या बायकोची, गुणाबाईची.

गुणाबाई धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधीची गाणी असतात, त्यांना धवले म्हणतात. ते म्हणत विधी पार पाडणारी बाई म्हणजे धवलारीण. कशेळीपासून टेमघरपर्यंत कुठंही मांडव उभारला की तिला बोलावणं यायचं. पुढच्या सीटवर बसून ती वाटेतच गळा मोकळा करायची आणि मी खाली कुरकुरत साथ द्यायचो. खरं सांगतो, तेच माझे सुखाचे दिवस होते.

एकच काटा होता. गावाच्या वाटेवर कोरडा ओढा लागतो आणि त्यात मधोमध एक काळा दगड वर आलेला आहे. दर खेपेला तो माझ्या पोटाला घासायचा. गेल्या उन्हाळ्यात तर तेलाचं बूचच फुटलं. सगळं तेल वाळूत गेलं आणि गुणाबाई दोन तास ओढ्यात बसून राहिली. तिकडे हळद डीजेवर लागली. त्या दिवशी ती लहान मुलासारखी रडली.

यंदा टेमघरला राहणाऱ्या तिच्या नातीचं, मृणालीचं लग्न ठरलं. मृणाली हिरामणची भाची. "काय वाट्टेल ते होवो, आये हळदीला येलेवर पोचली पायजे," असं म्हणत हिरामणने जीप तुळशीराम मिस्त्रीच्या गॅरेजात नेली. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये डोंगर चढणाऱ्या उंच गाड्यांचे व्हिडिओ.

तुळशीराम म्हातारा, पण त्याच्या हातांना अक्कल आहे. त्याने खाली वाकून माझं पोट चाचपलं. "हिरामण, एका दगडासाठी एवढा खटाटोप? पहार घे न् दगड फोड. एका सकाळचं काम हाय."

"दगड फोडत बसू, दादा? लोक हसतील. स्प्रिंगचे पाटे वर घे न् मोठे टायर टाक."

"अरे, पाटे वर घेतलंस तर गाडी वर जाईल. याचं पोट तिथंच ऱ्हाईल. त्याला फक्त टायर उचलतो."

"मंग दोन्ही कर की!"

झालं! शहाण्याला शब्दाचा मार, याला तोही पुरेना. माझी कातडी ग्राइंडरने सोलली. इतकी वर्षं मी स्प्रिंगच्या पाट्यांवर बसायचो. आता बैठका उलट्या बाजूला वेल्ड करून पाटे माझ्या डोक्यावर आणले. त्याने जीप सहा इंच वर गेली आणि मी जागच्या जागी. मोठ्या टायरांनी मात्र मी दोन इंच वर आलो. हिशेब साधा आहे. मला मिळाले दोन, आणि गुणाबाईच्या सीटला मिळाले आठ.

हळदीच्या दुपारी हिरामणने जीप ओट्यासमोर आणली आणि दोनदा हॉर्न वाजवला. सून आदल्याच दिवशी मांडवात गेली होती. गुणाबाई म्हशीचं आटपून, हिरवं लुगडं नेसून बाहेर आली आणि थबकली.

"हिरामण, ही गाडी हाय का माळा?"

"चढ आये, मी हाय ना!"

तिने दांडा धरला, गुडघा उचलला. तो अर्ध्यात अडला. हिरामणने स्टूल आणलं, ते मातीत कलंडलं आणि तिची नडगी सोलली. त्याने तिला उचलायला हात पुढे केले, तशी ती कडाडली, "हात लावू नको! मी काय पेंढ्याचा भारा हाय? शंभर मांडव लावले मी!" मग दांडा सोडून हळूच म्हणाली, "जा तू. मामाबिगर पोरीचं अडंल. आजीबिगर न्हाय अडायचं."

मी खाली किंचाळत होतो, मित्रांनो. पण एक्सलचं कोण ऐकतो?

आम्ही निघालो. ओढा आला, तो काळा दगड आला आणि माझ्या पोटाखालून निघून गेला. कुठं घासलं नाही, खरचटलं नाही. ज्याच्यासाठी मला कापलं, जाळलं, ते काम मी चोख केलं. आणि पुढची सीट रिकामी.

टेमघरला मांडवाच्या तोंडाशी पोरांनी जीपभोवती कोंडाळं केलं. "काय उंच केलीय, भाऊ!" म्हणत फोटो काढले. तेवढ्यात हळदीच्या पाटावरून उठून मृणाली बाहेर आली. "मामा, आजी कुठाय?" हिरामण नव्या टायरवरची माती पुसत राहिला. आत डीजे सुरू झाला.

या गोष्टीला महिना झाला. गुणाबाईने नंतरचे दोन मांडव नाकारले. गळा बसलाय, असं सांगते. खोटं आहे ते. जीपला पायरी लावायला अर्धा तास लागतो. लोखंडी पट्टीही आणून भिंतीला टेकवून ठेवली आहे. "रविवारी बघतो," असं हिरामण दर रविवारी म्हणतो.

म्हणून मित्रांनो, हात जोडता येत नसले तरी विनवतो. आपल्या माणसासाठी काही करायला निघालात, तर आधी त्याचा गुडघा किती वाकतो ते विचारा. आणि तुमच्यापैकी कुणाला वेल्डिंग येत असेल तर रविवारची वाट बघू नका. या कधीही. गुणाबाई घरीच असते.