बाबांच्या टॉर्चचे सेल

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बाबांची एकच कुरकुर चालली होती, की छोट्या टॉर्चला उजेडच नाही. लेकीने चार्जिंगचे सेल दोनदा बदलून आणले, तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी ती टॉर्च घेऊनच दुकानात गेली. दुकानदाराने जास्त क्षमतेचे, पूर्ण चार्ज झालेले सेल घातले, तसा भिंतीवर लख्ख उजेड पडला.

घरी बाबांनी टॉर्च लावली आणि डोळ्यांजवळ नेली.

"हेही तसलेच निघाले गं."

त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड पडलेला पाहून लेकीने टॉर्च हातातून काढून घेतली.

"बाबा, उद्या कामावर जाऊ नका. आधी डोळे दाखवून येऊ."

बाबा हळूच म्हणाले, "सेलच खराब असू देत, असं म्हणत होतो मनातल्या मनात."