मधल्या खाचराचा बांध आणि एकचं बटण

मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि मित्रांनो, चौकोनांच्या जाळीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायच्या जगातल्या एकूण एक वाटा मी पापणी लवायच्या आत मोजू शकतो. ही विद्या फार थोड्यांना लाभते. मला स्वतःला मात्र कुठेच जाता येत नाही. बॅटरी गेली आहे. वायर पोचते तिथपर्यंत माझं जग.

सध्या मी माण गावात गेणबांच्या घरी, टीव्हीशेजारी असतो. समोरच्या घरात त्यांचे धाकटे भाऊ कोंडिबा राहतात. मध्ये अंतर अठरा पावलांचं आणि अबोला बारा वर्षांचा. तो सुटावा, एवढंच एक काम माझ्या हातून व्हायचं राहिलं आहे. हात मला नाहीत, ही गोष्ट वेगळी.

तरुणपणी मी एका कंपनीत चार वर्षं मीटिंगा ऐकल्या. मग कपाटात पडलो. तिथून जुन्या मालाच्या दुकानात गेलो आणि परभणीच्या सुलक्षणाने मला घरी आणलं. ती गेणबांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची आणि मुलाखतीसाठी प्रोग्रॅम लिहायचा सराव करायची. तिने मला ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "अजून चालतोस की रे!" तेवढं कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही.

एका रविवारी तिने एक गणित घेतलं. चौकोनांची जाळी. वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघायचं, रेघांवरून चालायचं, फक्त उजवीकडे किंवा खाली, आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात पोचायचं. प्रत्येक बाजूला एक चौकोन असेल तर वाटा किती, दोन असतील तर किती, तीन असतील तर किती, अशी आकड्यांची रांग छापायची. मी छापली: १, २, ६, २०. पुस्तकात होतं: २, ६, २०, ७०. सकाळपासून दुपारपर्यंत सुलक्षणा केस ओढत बसली. मी सांगितलं तेवढंच करतो. ती चुकीचं सांगत होती आणि मी मन लावून चुकत होतो.

तेवढ्यात गेणबा भाताची थाळी घेऊन वर आले. कागदावरची जाळी बघून म्हणाले, "आमची खाचरं कुनी काढली गं ही?"

"खाचरं नाहीत काका, चौकोन आहेत."

"आन् ही वाट उभ्या भातातनं काढलीस? शिव्या खाशील. बांधानं जायाचं."

"म्हणजे?"

"खाचरं तीन हायेत, पन बांध चार हायेत की! मोज."

सुलक्षणाने मोजले. मग बराच वेळ ती कपाळाला हात लावून हसत होती. तीनच्या जागी चार घातले आणि मी बरोबर वीस छापले. गेणबांनी मान डोलावली.

"पन मधल्या खाचराचा वरला बांध बंद कर. त्यो कोंडिबानं कोरलाय. तितनं मी जात न्हाई."

जिन्यातून गेणबांच्या पत्नी रत्नाबाई ओरडल्या, "अवो, त्यो बांध कंपनीच्या पार्किंगखाली जाऊन धा वर्सं झाली!"

"बांध गेला म्हून कोरलेला भरून येतो व्हय?"

सुलक्षणाने प्रोग्रॅममध्ये तो बांध बंद केला. उघड्या बांधाला एक, बंद बांधाला शून्य. मी छापले: चौदा. गेणबा खूष झाले.

पुढे सुलक्षणाला नोकरी लागली, कंपनीचा नवा लॅपटॉप मिळाला आणि मी गेणबांकडे आलो. जाताना ती म्हणाली, "काका, मन झालं तर ह्या शून्याच्या जागी एक लिहा. वाट उघडेल."

मन झालं नाही. गेणबा जेवताना मला उघडून चौदा बघायचे, पाहुण्यांना दाखवायचे. मिटलेला असलो की माझ्यावर रिमोट आणि अडकित्ता. एकदा असंच जेवताना इंद्रायणी भाताचं एक शीत माझ्या एकच्या बटणाखाली गेलं. कुणाला कळलं नाही. मला कळलं, पण माझं कोण ऐकतो?

गेल्या आठवड्यात कोंडिबा गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी आले. गेणबा दोन दिवस दारात येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला उघडलं, चष्मा लावला आणि शून्य खोडलं. मित्रांनो, माझा पंखा घरघरू लागला. त्यांनी एक दाबला. पुन्हा दाबला. मग अंगठ्याने दाबला.

काही उमटलं नाही.

"बघ," ते रत्नाबाईंना म्हणाले, "मशीनबी न्हाईच म्हनतंय."

"मशीनला इचारून भावाकडं जानार तुमी?"

गेणबांनी पुन्हा शून्य लिहिलं. ते बटण लोण्यासारखं चालतं. मी चौदा छापले. त्यांनी समोरच्या दाराकडे बघत मला मिटलं, वर अडकित्ता ठेवला.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, भावाभावांनी गोडीने राहा, असं सांगायचा माझा अधिकार नाही. फक्त कुणी माणकडे आलात, तर येताना एक टाचणी आणा. शीत आता वाळलं आहे, पटकन निघेल.